कपारीचा आश्रय आणि अहिंसेची कक्षा

शरण आलेल्याला अभय देणे हा आपल्या धर्मपरंपरेतला फार जुना आणि पक्का संस्कार आहे. ससाण्याला भिऊन मांडीवर आलेल्या कबुतरासाठी शिबी राजा स्वतःचे मांस तराजूत घालतो. तेराव्या शतकात महाराष्ट्रभर पायी फिरणाऱ्या चक्रधरस्वामींच्या मांडीखाली कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा येऊन लपतो आणि स्वामी त्याला पारध्यांच्या हवाली करत नाहीत. लीळाचरित्रातली ही लीळा मराठी माणसाच्या चांगली ओळखीची आहे. या दोन्ही कथांत करुणेला सुरुवात होते ती भेटीपासून. भ्यालेला जीव आपल्यापाशी येतो, त्याची धडधड आपल्याला जाणवते आणि मग धर्म जागा होतो. पण जो जीव आपल्यापर्यंत कधीच येणार नाही, ज्याचे अस्तित्वही आपल्यातल्या बहुतेकांना ठाऊक नाही आणि जो संपला तरी आपले काहीच अडणार नाही, त्याच्याविषयी आपले काही कर्तव्य आहे का? माझे उत्तर होकारार्थी आहे. अशा जीवाच्या बाबतीत अहिंसा म्हणजे त्याचा आश्रय न मोडणे, आणि आपले ज्ञान जसजसे वाढते तसतशी या कर्तव्याची कक्षा रुंदावते, असे मला म्हणायचे आहे. हे मी बेंगळुरूच्या खडकांत राहणाऱ्या एका चिमुकल्या पालीच्या आधाराने मांडतो.

शास्त्रज्ञ तिला निमास्पिस मायसोरिएन्सिस म्हणतात. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत ती जेमतेम तीन सेंटिमीटर भरते. घराच्या भिंतीवर रात्री दिव्याखाली टपून बसणाऱ्या पालीपेक्षा तिची घडण बरीच वेगळी आहे. घरातल्या पालीच्या डोळ्याची बाहुली उजेडात उभ्या फटीसारखी आवळते, हिची बाहुली गोल असते, कारण ही दिवसा वावरणारी पाल आहे. घरातल्या पालीच्या बोटांना रुंद, चिकटणाऱ्या गाद्या असतात. हिची बोटे सडपातळ, सांध्यांत वाकलेली आणि टोकाला नखे असलेली. काचेवर चढणे हिला जमणार नाही, पण खडबडीत दगडावर ती सरसर फिरते. डोळ्यांना उघडझाप करणाऱ्या पापण्या नाहीत, म्हणून डोळ्यावरचे पारदर्शक आवरण ती जिभेने पुसते. रंग दगडाच्या बुरशीसारखा, तपकिरी-करडा. हालली नाही तर दिसत नाही, आणि चाहूल लागली की क्षणात भेगेत शिरते. या कुळातल्या माद्या एका वेळी साधारण दोन अंडी घालतात. कठीण कवचाची ती गोलसर अंडी दगडाच्या आतल्या बाजूला, पाऊस आणि ऊन पोचणार नाही अशा जागी चिकटवलेली असतात. एकदा चिकटलेले अंडे दुसरीकडे नेता येत नाही. त्या पिल्लाचे भवितव्य त्या दगडाशी अक्षरशः जोडलेले असते.

या पालीचे पहिले वर्णन मद्रासच्या लष्करी सेवेतला शल्यचिकित्सक आणि निसर्गअभ्यासक थॉमस जर्डन याने 1853 मध्ये केले, तेही बेंगळुरूच्या नमुन्यांवरून. पुढे ते मूळ नमुने हरवले. नमुना नाही आणि जुने वर्णन त्रोटक, त्यामुळे जर्डनची पाल नेमकी कोणती हे ठामपणे सांगणे अवघड होऊन बसले. 2009 मध्ये वरद गिरी, ईशान अग्रवाल आणि आरोन बाउअर यांनी नवा प्रमाण-नमुना निश्चित करून तिचे सविस्तर वर्णन पुन्हा लिहिले. नाव मिळाल्यापासून ओळख पक्की होईपर्यंत 156 वर्षे गेली. त्याच सुमारापासून सह्याद्रीतही तिची भावंडे एकेक करून उजेडात येऊ लागली: 2009 मध्ये दाजीपूरची निमास्पिस कोल्हापुरेन्सिस, 2014 मध्ये कासच्या पठारावरची, गिरींच्याच नावाने ओळखली जाणारी निमास्पिस गिरी, 2016 मध्ये आंबोलीची पिवळ्या पोटाची पाल, 2019 मध्ये कोयनेची आणि आंबा घाटाची. यांतल्या अनेकींचा ज्ञात प्रदेश एखाद्या घाटापुरता, एखाद्या पठारापुरता किंवा एखाद्या डोंगरापुरता आहे. वरवर पाहता साऱ्या सारख्याच दिसतात; पण खवल्यांची मोजदाद, नरांच्या मांड्यांवरची सूक्ष्म छिद्रे आणि जनुकांचा क्रम यांतून त्यांच्यातली लाखो वर्षांची फारकत समोर येते.

या संशोधनातला माझ्या विषयाला सर्वांत जवळचा भाग 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. ईशान अग्रवाल, तेजस ठाकरे, सौनक पाल आणि अक्षय खांडेकर यांनी म्हैसूर पठारावरच्या, खडकांत राहणाऱ्या निमास्पिस पालींचा एक स्वतंत्र वंशगट अभ्यासला आणि त्यातल्या तीन नव्या प्रजातींचे वर्णन केले. सोन्याच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या कोलारच्या परिसरातली निमास्पिस बंगारा ही त्यांतलीच एक. त्यांचा निष्कर्ष असा की ग्रॅनाइटचे हे धोंडे लाखो वर्षे हवामानापासूनचे आश्रयस्थान ठरले आहेत. मायोसीन काळात, म्हणजे साधारण 2.3 कोटी ते 53 लाख वर्षांपूर्वीच्या कालखंडात, भारतीय द्वीपकल्पाचा मोठा भाग कोरडा होत गेला. ओलाव्यावर जगणाऱ्या जीवांचा प्रदेश आक्रसला. पण एकमेकांवर रचल्यासारख्या पडलेल्या महाकाय धोंड्यांच्या पोटात थंडावा टिकून राहिला. भेगांतून पावसाचे पाणी मुरते, आत ऊन शिरत नाही, दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक कमी राहतो. बाहेरचे जग सुकत असताना या पालींच्या पूर्वजांनी कपारींत आपला जुना ओलसर काळ जपला. दोन टेकड्यांमधली सपाट, कोरडी जमीन त्यांना ओलांडता येईना, म्हणून टेकडीगणिक वंश वेगळा होत गेला.

हे समजून घेतले की शरणागतीचा प्रश्न नव्या रूपात समोर येतो. ही पाल शरण गेलेली आहेच, फक्त माणसाकडे नव्हे. तिने आश्रय मागितला तो खडकाकडे, आणि तोही आपली मनुष्यजात पृथ्वीवर येण्याच्या फार आधी. शिबीच्या कथेत राजा आश्रयदाता आहे आणि ससाणा मारेकरी. इथे आश्रयदात्याची जागा आधीच भरलेली आहे, ती घेण्याचा मान आपल्याला मिळणार नाही. आपल्यापुढे उरतात दोनच भूमिका: आश्रय राहू देणाऱ्याची किंवा तो फोडणाऱ्याची. सुरुंगाने टेकडी फुटते, तिची खडी होते, तेव्हा कोणी पालीवर हात उचललेला नसतो. तरीही त्या टेकडीवरच्या प्रत्येक पालीचा मृत्यू त्याच क्षणी ठरतो. हातून हत्या न घडता घडणारी ही हिंसा आहे. शरण आलेल्याला टाकू नये हा नियम ज्यांनी आपल्याला दिला, त्यांचा गाभ्यातला आग्रह होता तो दुर्बळाचा शेवटचा आधार काढून घेऊ नये हा. तो आधार माणसाची मांडी असेल किंवा दगडाची भेग, आग्रह बदलण्याचे कारण नाही.

पालीशी आपले नाते धार्मिक नाही असे मुळीच नाही. पंचांगांत पल्लीपतनाचे कोष्टक छापलेले असते: कोणत्या अंगावर पाल पडली तर कोणते फळ. बोलताना पाल चुकचुकली की मनात शंका येते. कांचीपुरमच्या वरदराज मंदिरात छतावरच्या सोन्या-रुप्याच्या पालींना भाविक श्रद्धेने स्पर्श करतात. पण या साऱ्यात पाल आपल्याविषयी काहीतरी सांगणारी खूण म्हणून येते. तिचे स्वतःचे जगणे त्यात कुठे नसते. आधुनिक मनाने ही शकुनांची भाषा टाकली, पण तिच्या जागी उपयोगाची भाषा आणली: पाल कीटक खाते, म्हणून ती हवी. हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. कोलारच्या एका टेकडीवरची पाल नाहीशी झाली म्हणून बेंगळुरूत डास वाढणार नाहीत. उपयोगावर तिची किंमत ठरवली तर ती शून्याजवळ येईल आणि टेकडी फोडणाऱ्याचा हिशेब बरोबर ठरेल. शकुन आणि उपयोग या दोन्ही दृष्टींत मोजपट्टी आपलीच आहे. धर्मविचाराचे खरे सामर्थ्य या मोजपट्टीपलीकडे जाण्यात आहे, आणि तो पलीकडे जातो का हे तपासायला ही निरुपयोगी, निःशब्द पालच योग्य कसोटी आहे.

यावर पहिला आक्षेप हेतूचा. ज्याला पालीचा पत्ताच नाही, त्याने दगड फोडला तर त्याला हिंसेचा दोष कसा लागेल? आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर अहिंसेचा सर्वांत बारकाईने विचार करणाऱ्या जैन परंपरेतच आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना केवळ प्राण जाण्यावर बोट ठेवलेले नाही. प्राण जातो तो प्रमादातून, बेपर्वाईतून, ही अट तिथे आहे. साधू पुढची जमीन पाहून पाऊल टाकतो ते यासाठीच. सावधपणे चालूनही नकळत जीव चिरडला गेला तर त्याचा दोष वेगळा, आणि न पाहता चालणाऱ्याचा वेगळा, मग त्याच्या पायाखाली काही आले नाही तरी. आता ही कसोटी टेकडीला लावून पाहा. 1953 मध्ये कोलारची टेकडी फोडणाऱ्याला तिथल्या पालीविषयी कळण्याचा मार्ग नव्हता. 2020 नंतर तो आहे. प्रजातीचे वर्णन प्रसिद्ध होणे ही ग्रंथालयातली नोंद असते, तशी ती नैतिक घटनाही असते: त्या दिवसापासून अज्ञानाची सबब संपते. इतकेच नव्हे, एका टेकडीवर असा वंश आहे हे कळल्यावर शेजारची न तपासलेली टेकडी रिकामीच आहे असे धरून चालणे, हाही प्रमादच. पाहिल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही हा साधूचा नियम आज खाणीचा परवाना देणाऱ्या टेबलालाही लागू होतो.

दुसरा आक्षेप अधिक तात्त्विक आहे. वेदना होते ती एकेका जीवाला. प्रजाती ही तर नुसती कल्पना, तिला ना सुख ना दुःख, मग तिच्याविषयी करुणा कसली? प्रजातीला वेदना होत नाही हे मला मान्य आहे. पण माझा युक्तिवाद प्रजातीच्या वेदनेवर उभाच नाही. एकेक पाल तिच्या कपारीवाचून जगू शकत नाही. ओलावा, भक्ष्य, लपण आणि अंड्यांची जागा हे सगळे तिला तिथेच मिळते. कपार काढून घेणे म्हणजे थोड्या उशिराने केलेली हत्याच. एवढे पुरेसे असले तरी आणखी एक गोष्ट इथे हरवते, आणि तिची जाणीव आपल्या परंपरेला होती असे मला वाटते. चौऱ्याऐंशी लक्ष योनींची कल्पना आकडा म्हणून घेण्याचे कारण नाही, पण तिच्यामागची दृष्टी गंभीर आहे. जलचर, स्थावर, कृमी, पक्षी, पशू, मनुष्य अशी जगण्याची रूपे आहेत आणि जीव त्यांतून प्रवास करतो असे ती मानते. म्हणजे योनी ही तिच्यात जन्मलेल्या एकेका जीवाहून मोठी, टिकाऊ अशी गोष्ट आहे. पाल मारणारा एका जीवाचा एक देह संपवतो. तिच्या वंशाची शेवटची टेकडी फोडणारा जगण्याचे एक रूपच बंद करून टाकतो. पुनर्जन्म मानणाऱ्याला तर हे अधिक बोचायला हवे, कारण त्याच्या श्रद्धेप्रमाणे तो स्वतःच एखाद्या जन्मी त्या रूपात असू शकला असता. न मानणाऱ्यालाही एवढे पटेल की पुन्हा घडवता न येणारी गोष्ट मोडताना लागणारी जबाबदारी साध्या नुकसानीपेक्षा निराळी असते.

तिसरा आक्षेप असा की प्रजाती नष्ट होणे हा निसर्गक्रमच आहे. पृथ्वीवर आजवर झालेल्या बहुतेक प्रजाती गेल्याच. हे खरे आहे, आणि मरण हाही निसर्गक्रम आहे. त्यावरून कोणी कोणाला मारण्याची मुभा काढत नाही. शिवाय इथे वेगाचा प्रश्न आहे. मायोसीनमधला कोरडेपणा लाखो वर्षे हळूहळू वाढत गेला, म्हणून पिढ्यानपिढ्या मागे सरकत कपारीत स्थिरावण्याइतका अवसर या पालींना मिळाला. त्या बदलाने त्यांना मारले नाही, त्याने त्यांना घडवले. सुरुंग असा अवसर देत नाही. आणि फुटतो तो तोच खडक, ज्याने त्या मोठ्या बदलातून त्यांना तारले. निसर्गाने केलेल्या बदलाचे नाव घेऊन आपण केलेल्या तोडफोडीचे समर्थन करणे म्हणूनच मला अप्रामाणिक वाटते.

सर्वांत जड आक्षेप माणसाच्या गरजेचा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. बेंगळुरू दगडाने बांधलेले शहर आहे. 1956 मध्ये पूर्ण झालेला विधानसौध ग्रॅनाइटचा, घरांचे पाये, रस्त्यांची खडी, मंदिरांचे खांब दगडाचे. दगड फोडून पोट भरणारा समाज महाराष्ट्रात वडार म्हणून, कर्नाटकात भोवी म्हणून ओळखला जातो. पिढ्यानपिढ्या धूळ आणि घाव त्यांच्या वाट्याला आले आहेत. जैन आचार्यांनी श्रावकांना वर्ज्य सांगितलेल्या पंधरा व्यवसायांत, म्हणजे कर्मादानांत, स्फोटकर्मही येते: जमीन आणि दगड फोडून केलेली उपजीविका. या नियमाचा शब्दशः अर्थ घेतला तर दोष घण मारणाऱ्या हातावर येतो. ते मला अन्यायाचे वाटते. त्या हाताने टेकडी निवडलेली नसते. टेकडी निवडतो परवाना देणारा, भांडवल घालणारा आणि चकचकीत ग्रॅनाइटची फरशी मागणारा ग्राहक. याच परंपरेने गृहस्थासाठी केलेला दुसरा भेद इथे अधिक उपयोगी पडतो. संकल्पपूर्वक केलेली हिंसा गृहस्थाने पूर्ण टाळावी. संसार, उद्योग आणि संरक्षण यांत घडणारी हिंसा अटळ आहे हे ओळखून ती विवेकाने कमीत कमी करावी. विवेक म्हणजे निवड. दगड हवा हे मान्य केल्यावरही कोणती टेकडी फोडायची हा प्रश्न उरतोच. जिथे एखाद्या वंशाचे सारे जग एका टेकडीवर आहे ती सोडावी आणि दगड दुसरीकडून घ्यावा, एवढी ही मागणी आहे. तिच्याने शहर थांबत नाही.

हे अशक्य नाही याचे पुरावे आहेत. लालबागेतला, केंपेगौडांच्या नावाचा मनोरा माथ्यावर घेऊन उभा असलेला सुमारे तीनशे कोटी वर्षांचा खडक राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून राखला आहे. शहराच्या मध्यावर, जिथे जमिनीला सोन्याचा भाव आहे, तिथे. खडकाचे वय जपण्याजोगे वाटत असेल तर त्याच्या आश्रितांचे वयही वाटायला हवे. देवनहळ्ळीजवळचे नल्लूरचे जुने चिंचेचे बन 2007 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाले. महाराष्ट्रात तर याहून नेमके उदाहरण आहे. आंबोलीजवळ पारपोलीला महादेवाच्या मंदिराच्या कुंडात हिरण्यकेशी नावाचा छोटा मासा सापडला आणि 2021 मध्ये राज्य सरकारने ती 2.11 हेक्टर जागा वारसा स्थळ ठरवली. तिथे संरक्षण मिळाले ते माशाबरोबर त्याच्या कुंडाला, आणि देवालय त्याला आड आले नाही. जुन्या बांधकामाचाही असा उपयोग होतो: हंपीच्या दगडी परिसरातून 2015 मध्ये निमास्पिस आदी ही प्रजाती वर्णिली गेली. माणसाची वसाहत आणि पालीची कपार एकाच दगडात नांदू शकतात, फक्त भेगा उघड्या राहायला हव्यात.

म्हणून माझी अपेक्षा सरकारच्या आधी देवस्थानांकडून आहे. बेंगळुरूभोवतालच्या कितीतरी खडकाळ डोंगरांवर आणि त्यांच्या पायथ्याशी देव आहेत: नंदीबेट्टावर योगनंदीश्वर, शिवगंगेवर गंगाधरेश्वर, सावनदुर्गाच्या पायथ्याला वीरभद्र आणि नरसिंह, खुद्द शहरात गवी गंगाधरेश्वराचे तर सारे देऊळच गुहेत आहे. या ठिकाणी खडकाला हात लावण्याचा अधिकार बऱ्याच अंशी विश्वस्तांच्या हाती असतो. जीर्णोद्धार करताना भेगा सिमेंटने बुजवायच्या नाहीत, धोंडे हलवून वाहनतळ करायचे नाहीत, नवे काम काढण्यापूर्वी त्या डोंगरावर काय राहते हे जाणकाराकडून पाहून घ्यायचे, एवढे तीन नियम त्यांनी स्वतःहून घालून घेतले तर कायद्याची वाट पाहावी लागणार नाही. बेंगळुरूत भारतीय विज्ञान संस्था आहे, राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्र आहे. पाहणाऱ्यांची वाण नाही. असे केल्याने डोंगरावरच्या देवाचे काही उणे होणार नाही. उलट अहिंसा हा परम धर्म आहे असे म्हणणाऱ्या समाजाला तो धर्म नजरेपलीकडच्या जीवापर्यंतही पोचवता येतो, हे आचरणाने दाखवता येईल. ज्याच्याकडून आभार, शकुन, उपयोग यांपैकी काहीच मिळणार नाही अशा जीवासाठी केलेला संयमच अहिंसेचा निर्भेळ पुरावा असतो, आणि तो देण्याची संधी आज आपल्याला ज्ञानाने आणून दिली आहे.